त्र्याऐंशी सालाविषयी चि. अमोलला पत्र

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आसामातल्या नगावला, तुझ्या बँकेच्या शाखेत १९८३ सालाचा विषय निघाला तेव्हा तू उत्साहाने विश्वचषकाबद्दल बोलू लागलास आणि समोरचे वयस्कर सहकारी ‘ते निवडणुकीचे वर्ष’ एवढेच म्हणून पुन्हा कामाला लागले, असे तू कळवले आहेस. त्यांना नेमके काय म्हणायचे होते, हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. त्या वर्षी मी कॉलेजात होते, परळच्या चाळीत राहत होते आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय मला तुझ्या आजोबांनी लावली होती. लॉर्ड्सच्या विजयाने त्या वर्षातले बाकीचे सारे झाकून टाकले आहे, ही गोष्ट मला फार वर्षे खुपते आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्षाची सुरुवातच राजकीय उलथापालथीने झाली. जानेवारीत आंध्रमध्ये एन. टी. रामाराव आणि कर्नाटकात रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले. रामारावांचा तेलुगू देसम पक्ष स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि काँग्रेसने दक्षिणेतली दोन हक्काची राज्ये एकदमच गमावली होती. आपल्याकडे बाबासाहेब भोसले यांना जावे लागले आणि फेब्रुवारीच्या आरंभी वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. मुंबईच्या वर्तमानपत्रांना या घडामोडींतून सवड नव्हती. आसामच्या बातम्या येत होत्या, पण आतल्या पानांवर.

तुझ्या सहकाऱ्यांचे बोलणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७८ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीची तयारी चालू असताना मतदारयादीतल्या हजारो नावांवर परकीय म्हणून हरकती आल्या. पुढच्या वर्षी अखिल आसाम विद्यार्थी संघटनेने आंदोलन पुकारले आणि ते साऱ्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात पसरले. परकीयांची नावे वगळल्याशिवाय मतदान होऊ देणार नाही, अशी आंदोलकांची भूमिका होती. राष्ट्रपती राजवटीची मुदत संपत आल्यामुळे निवडणूक घेणे घटनेनुसार भाग आहे, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. इंदिराबाईंनी जुन्याच याद्यांवर फेब्रुवारीत मतदान घेतले. संसदेत घटनादुरुस्ती करून ते पुढे ढकलता आले असते, असे तेव्हाही अनेक जाणकार म्हणत होते आणि मलाही आज तसेच वाटते. बहिष्कार, जाळपोळ, उखडलेले पूल आणि बाहेरून आणलेले पोलीस अशा वातावरणात ते मतदान झाले. कोणी मत द्यायला गेले, कोणी गेले नाही, आणि गावागावांत तीच शत्रुत्वाची खूण ठरली.

गुवाहाटीहून नगावला येताना जागीरोड मागे पडले की महामार्गावर नेल्ली लागते. तू त्या रस्त्याने गेला असशीलच. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी सकाळी नेल्ली आणि तिच्या आसपासच्या गावांना हजारो लोकांच्या जमावाने वेढा घातला, घरे पेटवली आणि पळणाऱ्यांना गाठून कोयते-भाल्यांनी मारले. मरणारे बहुतेक पूर्व बंगालमधून पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेले मुसलमान शेतकरी होते आणि त्यांत बायका, मुले व म्हातारी माणसे सर्वांत जास्त होती, कारण त्यांना पळता आले नाही. सहा-सात तासांत सरकारी आकड्याप्रमाणे अठराशेहून अधिक माणसे गेली. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा आहे, असे तिथले लोक सांगत आले आहेत. हल्ल्याच्या तीन दिवस आधी नगाव पोलीस ठाण्यातून, नेल्लीच्या आसपास हत्यारबंद जमाव गोळा होतो आहे, असा बिनतारी संदेश गेला होता. त्यावर वेळेत काही झाले नाही.

हेमेंद्र नारायण या बातमीदाराने त्या दिवशी तिथे उभे राहून जे पाहिले ते लिहिले, म्हणून देशाला ते कळले. मृतामागे पाच हजार रुपये भरपाई ठरली. चौकशीसाठी तिवारी आयोग नेमला गेला, त्याने १९८४ मध्ये अहवाल दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आंदोलक आणि केंद्र सरकार यांच्यात १९८५ मध्ये झालेल्या आसाम करारानंतर खटले गुंडाळले गेले आणि एवढ्या खुनांसाठी एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. अमोल, या एका वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. स्वतंत्र भारतात, भर दिवसा, राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला हे घडले आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला ते कधी शिकवायला मिळाले नाही.

आता जूनकडे येते. २५ जून हा दिवस लॉर्ड्ससाठी सर्वांना पाठ आहे. त्याच दिवशी दिल्लीत आणखी एक गोष्ट पूर्ण झाली होती. जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर ६ जानेवारीला कन्याकुमारीहून पायी निघाले होते आणि पिण्याचे पाणी, कुपोषण, प्राथमिक शिक्षण असे विषय गावोगाव बोलत चार हजारांहून अधिक किलोमीटर चालून ते आणीबाणीच्या स्मरणदिनी, म्हणजे त्याच २५ जूनला, राजघाटावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांना कितीशी जागा उरणार होती?

परंतु लॉर्ड्सचा आनंद मी खोटा किंवा उथळ म्हणणार नाही. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता, तोही कृष्णधवल, आणि दारातून, खिडकीतून, गॅलरीतून माणसे आत डोकावत होती. भारत १८३ वर बाद झाला तेव्हा अर्धी माणसे उठून गेली. मला मात्र किरमाणी आणि संधू यांनी शेवटच्या गड्यासाठी जोडलेल्या २२ धावा फार मोलाच्या वाटल्या होत्या. मार्शलचा चेंडू संधूच्या शिरस्त्राणावर आदळला, तरी तो हलला नाही. मग त्याच संधूने, आपल्या मुंबईच्या बलविंदरने, ग्रीनिजला तो चेंडू टाकला. बाहेर जाईल असे समजून ग्रीनिजने बॅट वर उचलली आणि आत आलेल्या चेंडूने यष्टी उडवली. गेलेली माणसे धावत परत आली. रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल कपिलने मागे पळत जाऊन घेतला तेव्हा चाळीत जो गलका झाला, तो गणपतीतही मी ऐकलेला नाही. वेस्ट इंडिज १४० वर संपले.

त्याच्या आठवडाभर आधी टनब्रिज वेल्स इथे झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशा अवस्थेतून कपिलने नाबाद १७५ धावा केल्या होत्या. बीबीसीच्या संपामुळे त्या खेळीचे चित्रीकरणच झाले नाही. तरीही ती खेळी सर्वांच्या तोंडी राहिली, कारण सांगणाऱ्यांना ती सांगायची होती.

चाळीत त्या रात्री नाचणाऱ्यांत दीड वर्ष पगाराचे तोंड न पाहिलेली माणसे होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. मागणी पगारवाढीची आणि बोनसची होतीच. शिवाय १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेला मिळालेली मान्यता कामगारांना नको होती. तुझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तुझी आजी गावाहून एकट्या आलेल्या कामगारांची खानावळ चालवायची. संपात ती माणसे एकेक करून सातारा, सांगली, रत्नागिरीकडे परतली आणि आजीच्या घरातली ताटे नुसती भिंतीला लागून राहिली. आधी मोठी पातेली विकली, मग तिची जोडवी. त्र्याऐंशीत काही लोक गुपचूप कामावर परतू लागले, शेजाऱ्यांत अबोला धरला गेला, आणि संप मागे घेतल्याची घोषणा मात्र कोणीच केली नाही. ऑक्टोबरमध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले तेव्हा आजोबांना वाटले की आता बोलावणे येईल. ज्या गिरणीत त्यांनी उभे आयुष्य घालवले तिने त्यांना परत घेतले नाही. तोवर कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले होते.

संगीतातली त्या वर्षाची एक आठवण तुला ठाऊक असेल. नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते आणि विजेत्यांना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लताबाईंनी मानधन न घेता दिल्लीत कार्यक्रम केला, हृदयनाथांनी बांधलेल्या गाण्यात खेळाडूही साथीला उभे राहिले, आणि त्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. मला मात्र ३० जुलै जास्त आठवतो. त्या दिवशी पुण्यात वसंतराव देशपांडे गेले. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत ज्याने गाणे सांभाळले, ‘कट्यार काळजात घुसली’मधला खाँसाहेब ज्याने उभा केला आणि कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत जो मावला नाही, असा तो गवई होता. आजोबांनी त्या काळात वर्तमानपत्रातून कापून ठेवलेली एकच बातमी म्हणजे वसंतरावांच्या निधनाची. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले ते पहिले. त्यांचे नाव आमच्या चाळीत फारसे कोणी घेतले नाही.

पंजाबही त्याच वर्षी हाताबाहेर गेला. एप्रिलमध्ये पोलीस उपमहानिरीक्षक अटवाल यांना सुवर्णमंदिराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिथे राष्ट्रपती राजवट आली. मार्चमध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुलाची परिषद थाटात झाली. राष्ट्रकुलाचे पाहुणे विश्रांतीसाठी गोव्याला गेले. डिसेंबरमध्ये मारुती मोटार रस्त्यावर आली.

आणि क्रिकेटमध्येही विजयाचे दिवस फार टिकले नाहीत. हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ इथे आला, पाचही एकदिवसीय सामने जिंकून गेला आणि कसोटी मालिका ३-० अशी घेतली. जूनमध्ये डोक्यावर घेतलेल्या खेळाडूंवर कलकत्त्यात लोकांनी वस्तू भिरकावल्या. त्या सगळ्यात गावसकरांनी दिल्लीत २९ वे शतक करून ब्रॅडमनची बरोबरी साधली आणि वर्षअखेरीस मद्रासला, शून्यावर दोन गडी गेल्यावर उतरून, नाबाद २३६ धावांनिशी ३० वे पूर्ण केले. माझ्या मते त्या वर्षातली फलंदाजीतली सर्वांत अवघड कामगिरी हीच होती.

तुझ्या शाखेत नेल्ली आणि मोरीगावच्या बाजूची म्हातारी माणसे पेन्शनसाठी, भरपाईची जुनी कागदपत्रे घेऊन किंवा साध्या पासबुकासाठी येतील, तेव्हा त्यांना घाईने वाटेला लावू नकोस. आसामी माणसांचेही ऐक. त्या आंदोलनात त्यांचेही शेकडो तरुण गेले आहेत, आणि आपली भाषा व जमीन हातची जाईल ही त्यांची भीती मुंबईत राहून मला पुरती कळली असे मी म्हणणार नाही. त्या सहकाऱ्यांशी ओळख वाढली की, त्या फेब्रुवारीत नगावच्या शाळा, बाजार आणि कचेऱ्या चालू होत्या का, लोक एकमेकांच्या घरी जात होते का, हे त्यांना आदराने विचार आणि ते जे सांगतील ते मला लिहून कळव. माझी सगळी माहिती मुंबईच्या वर्तमानपत्रांतली आहे.

तुझी,
आई