तेहरानच्या एविन तुरुंगातून कोण सुटते आणि कोण नाही

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतील इराणवरचा पानभर लेख वाचला. परदेशी कैद्यांची अदलाबदल, नोबेल विजेत्या मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गेस मोहम्मदी, वकील नस्रीन सोतुदेह आणि ‘बहाईंसारखे मुस्लिम पंथ’ या सगळ्यांची एकच मोट बांधून, संयमी राजनयाने मार्ग निघतो असा निष्कर्ष आपल्या अभ्यासू लेखकांनी काढला आहे. मार्ग निघतो खरा, पण कोणासाठी?

आधी बहाईंचे. दिल्लीला गेलेला प्रत्येक मराठी पर्यटक कमळ मंदिरासमोर फोटो काढतो आणि पाचगणीच्या न्यू एरा शाळेवरून निम्मा महाराष्ट्र गेलेला आहे. दोन्ही बहाईंनी उभारलेल्या. तरीही त्यांना मुस्लिम पंथ ठरवायचे म्हणजे कमाल आहे. हा स्वतंत्र धर्म आहे, आणि खरी गोम तीच आहे. इराणच्या राज्यघटनेचे कलम 13 झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या तीनच अल्पसंख्य धर्मांना मान्यता देते. बहाई त्या देशातला सर्वांत मोठा बिगरमुस्लिम समाज असूनही त्यांचे नाव त्यात नाही. 1991 च्या एका गोपनीय टिपणात, ज्याला तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांची संमती होती, स्पष्ट लिहिले आहे की बहाई असल्याचे कळले तर विद्यापीठात प्रवेश देऊ नये आणि शिकत असताना कळले तर काढून टाकावे. अंमल कसा होतो? मुलगी प्रवेशपरीक्षा देते, निकालाच्या संकेतस्थळावर गुणांऐवजी ‘फाइल अपूर्ण’ असा शेरा येतो. कुठला कागद कमी आहे हे कोणी सांगत नाही, कारण कमी काहीच नसते. 2020 पासून राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातून ‘इतर धर्म’ हा पर्यायच गेला. म्हणजे खोटे लिहा, नाहीतर ओळखपत्राविना राहा. बँकेपासून सगळे पुढचे अडते ते त्यामुळे.

आता तुरुंग. बहाईंचे अंतर्गत कामकाज पाहणाऱ्या सात जणांना 2008 मध्ये पकडले, त्यात महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी या दोन स्त्रिया होत्या. शिक्षा 20 वर्षे, पुढे ती 10 वर आली. दोघी ती भोगून 2017 मध्ये बाहेर आल्या. 31 जुलै 2022 रोजी पुन्हा अटक, पुन्हा 10 वर्षे. तेव्हा साबेत यांनी सत्तरीकडे वाटचाल केलेली होती. आपल्या लेखात यांच्यावर एक ओळही नाही.

20 ची 10 कशी झाली हे लेखकांना ठाऊक असते तर सोतुदेह यांच्याबद्दल ‘38 वर्षांचा तुरुंगवास’ असा ठळक मथळा पडला नसता. 2013 च्या दंडसंहितेतील कलम 134 नुसार अनेक आरोपांत शिक्षा झाली तर सर्वांत मोठी तेवढी भोगायची. सोतुदेह यांच्या बाबतीत ती 12 वर्षे होती, आणि आरोप काय, तर अनाचार व वेश्याव्यवसायाला उत्तेजन! हिजाब काढून उभ्या राहिलेल्या मुलींचे वकीलपत्र घेतले, एवढाच तो अनाचार. 38 चा आकडा धक्का देतो, मान्य. पण 12 ने धक्का बसत नाही का?

आणि वकील मिळतो असे गृहीत धरू नका. राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यात, तपासाच्या टप्प्यावर न्यायखात्याच्या यादीतलाच वकील घ्यावा लागतो. 2018 मध्ये तेहरानसाठी ती यादी आली तेव्हा तीत 20 नावे होती. आपल्या वाचकांना पुरेल इतकी सनसनाटी त्यात नसेल, पण एविनच्या 209 क्रमांकाच्या विभागात एकांतकोठडीत बसलेल्या बाईचा कबुलीजबाब याच टप्प्यावर घेतला जातो. पुढचे क्रांतिकारी न्यायालय त्यावर शिक्का मारते.

परदेशी माणसाची वाट निराळी. ब्रिटिश-इराणी नाझनीन झगारी-रॅटक्लिफ यांना एप्रिल 2016 मध्ये तेहरानच्या विमानतळावर परतीच्या वाटेवर धरले. मार्च 2022 मध्ये ब्रिटनने इराणच्या शहाच्या काळात पैसे घेऊन न पुरवलेल्या चीफ्टन रणगाड्यांपोटीचे सुमारे 40 कोटी पौंडांचे देणे चुकते केले आणि त्या घरी गेल्या. ऑलिव्हिए व्हांदेकास्तील या बेल्जियन मदतकार्यकर्त्याला 40 वर्षे व 74 फटके सुनावले आणि मे 2023 मध्ये असादोल्ला असादीच्या बदल्यात सोडले. हा असादी इराणचा राजनयिक, बॉम्बकटासाठी बेल्जियममध्ये 20 वर्षांची शिक्षा झालेला. दुहेरी नागरिकत्व असेल तर अडचण वाढते. इराण त्याला फक्त इराणीच मानतो, त्यामुळे व्हिएन्ना करारातील दूतावासाच्या भेटीचा हक्क तो नाकारतो. तरीही मागे एखादे सरकार उभे असते. साबेत यांच्यासाठी कोणी काय देणार? त्यांच्यामागे ना थकीत देणे, ना परदेशात पकडलेला हस्तक.

नर्गेस मोहम्मदी यांची डिसेंबर 2024 मध्ये ‘सुटका झाली’ हेही चूक. पायाच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर शिक्षेला 21 दिवसांची स्थगिती होती, आणि ते दिवस शिक्षेत धरलेही जाणार नव्हते. जामिनावर बाहेर असणाऱ्यांची घराची कागदपत्रे न्यायालयात गहाण असतात, आणि ती बहुतेकदा नातेवाइकांच्या घराची असतात. बाई पुन्हा बोलली की घर जाते. डिसेंबर 2025 मध्ये मोहम्मदींना मशहदला एका वकिलाच्या शोकसभेतून परत उचलले. आपल्याकडे ती बातमी हवामानाच्या चौकटीशेजारी होती.

जाता जाता, एकाच लेखात नर्गिस, नर्गेस आणि नरगीस अशी तीन रूपे आहेत. मुद्रितशोधक ठेवणे आता परवडत नाही असे दिसते. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया शब्दकोड्याच्या उत्तरांखाली छापू नका, मागच्या वेळी तिथेच छापली होती.

– एक जुना वर्गणीदार, पुणे