खाडीच्या दोन काठांवरून

बट्टिकलोआ, श्रीलंका

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. लंकेतलं युद्ध सिंहली आणि तमिळांचं, मग पूर्व किनाऱ्यावरचे मुसलमान त्यात कसे भरडले गेले, असं तू विचारलंयस. फोनवर अर्धवट सांगून टाकावं असा हा विषय नाही, म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

आधी इथली जमीन कशी आहे ते बघ. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, आणि बहुतेक मोठी गावं त्या पट्टीवर. एक गाव हिंदू तमिळांचं, त्याला लागून मुसलमानांचं, पुढे पुन्हा तमिळांचं. खाडी सुमारे ५६ किलोमीटर लांब. अलीकडचा काठ एळुवानकरै, पलीकडचा पडुवानकरै, म्हणजे उगवतीचा आणि मावळतीचा. भाताची खाचरं पलीकडे. त्यातली बरीच काट्टान्कुडी, एरावूर अशा गावांतल्या मुसलमानांच्या मालकीची, आणि राबणारे हात तमिळ. दही पलीकडून यायचं, कापड आणि किराणा इकडून जायचा.

भाषा दोघांची तमिळच. पण मला खरं नवल वाटलं ते घरांचं. दोन्ही समाजांत घर लेकीचं. लग्नात आईबाप घर मुलीच्या नावे करतात आणि जावई तिथे राहायला येतो. कूळ आईकडून चालतं; त्याला इथे 'कुडी' म्हणतात, आणि देवळाच्या कारभारात कुडींचा मान तसा मशिदीच्याही. इथे एक जुनी कथा सांगतात: मुक्कुवर आणि तिमिलर या दोन जातींच्या लढाईत मुसलमान मुक्कुवरांच्या बाजूने उभे राहिले, आणि मुक्कुवरांनी आपल्या मुली देऊन त्यांना सोयरे करून घेतलं.

असे सोयरे एकमेकांच्या जिवावर उठले ते केवळ धर्मामुळे, हे मला पटत नाही. जमिनीचा प्रश्न आधीपासून धुमसत होता. १९४९ नंतर गल ओया धरणाखाली सरकारने हजारो सिंहली कुटुंबं पूर्वेत वसवली, १९६१ साली अंपारा जिल्हा वेगळा काढला. आपण आपल्याच प्रांतात कमी होत चाललो, ही धास्ती तमिळांना होती. वेगळ्या तमिळ देशात आपण कायमचे दुय्यम राहू, ही मुसलमानांना. तरीही ऐंशीच्या दशकात तमिळ सशस्त्र गटांत मुसलमान पोरं होती, हे विसरू नकोस. मग सरकारने मुसलमान गावांत गृहरक्षक उभे करून त्यांच्या हाती बंदुका दिल्या, आणि तमिळ वाघांच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईच्या लेखी गावंच्या गावं शत्रूची झाली.

१९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना म्हणून आलेलं भारतीय सैन्य परतलं. जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटलं. वाघांनी पूर्वेतल्या पोलीस ठाण्यांना वेढे घातले आणि शरण आलेल्या शेकडो सिंहली आणि मुसलमान पोलिसांना ठार केलं. ३ ऑगस्टच्या संध्याकाळी काट्टान्कुडीच्या दोन मशिदींत नमाजाला बसलेल्या लोकांवर गोळीबार झाला. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. वाघांनी हात झटकले, पण इथे कुणाला शंका नाही. मीरा जुम्मा मशिदीच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा मुद्दाम ठेवल्या आहेत. आठ-नऊ दिवसांत एरावूरमध्ये तेच. त्याच महिन्यात वीरमुनैच्या देवळात आसरा घेतलेले तमिळ मारले गेले, ९ सप्टेंबरला सत्तुरुक्कोंडानमध्ये सैन्याने तमिळ गावकऱ्यांना, बायकामुलांसकट. ऑक्टोबरात वाघांनी उत्तरेतून सत्तर हजारांहून जास्त मुसलमान हाकलून लावले. जाफनात त्यांना निघायला दोनेक तास दिले.

हे सगळं मी एकामागून एक लिहिते आहे कारण इथे प्रत्येक जण आपल्यापुरती एकच तारीख सांगतो. ऐकताना मला फार त्रास होतो. काट्टान्कुडी आणि सत्तुरुक्कोंडान एकाच बट्टिकलोआ शहराच्या दोन बाजूंना आहेत.

त्यानंतर खाडी ही सरहद्द झाली. पलीकडे वाघांचा अंमल, अलीकडे सैन्याचा. मुसलमान मालक शेताकडे फिरकू शकेना, पलीकडच्या कसणाऱ्याला बी-भांडवल देणारं कुणी उरेना. हत्याकांडांबद्दल लिहिलं गेलं. या उपासमारीबद्दल फार कमी, आणि माझ्या मते दुरावा खरा मुरला तो तिच्यामुळे. २००२ च्या एप्रिलमध्ये वाघांचा नेता प्रभाकरन आणि मुस्लिम काँग्रेस या पक्षाचे रऊफ हकीम यांनी करार करून शेतांची वाट मोकळी करायचं ठरवलं. पण जूनमध्येच वाळैच्चेनै गावात तमिळ-मुसलमान दंगल उसळली.

पूर्वेतली लढाई २००७ साली संपली. २०१४ साली मण्मुनै इथे खाडीवर पूल झाला. जिथे तरीची होडी चालायची तिथून आता ट्रॅक्टर जातात. बाजार पुन्हा एकमेकांवाचून चालत नाही. जमिनीचे दावे मात्र कचेऱ्यांत पडून आहेत: कागद जळाले, मधल्या काळात दुसऱ्या कुणी कसली, आणि दोघांचीही बाजू खोटी नाही. २०१९ च्या ईस्टरला इथल्या झायन चर्चमध्ये स्फोट झाला. त्या कटाचा म्होरक्या काट्टान्कुडीचा. गावातल्या मुसलमानांनीच त्याच्याविरुद्ध आधी पोलिसांत तक्रारी केल्या होत्या, तरी त्यानंतर त्यांच्या दुकानांवर बहिष्काराची हाक आली. ती ओसरली, पण लोक किती चटकन १९९० ची भाषा बोलू लागले ते ऐकून मी हादरले.

तू डिसेंबरात यायचं म्हणतोस. तेव्हा इथे ईशान्य पावसाचा जोर असतो, पलीकडचे रस्ते पाण्याखाली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ये. कापणी चालू असेल, दोन्हीकडची माणसं शेतावर भेटतील, आणि मला जे पटलेलं नाही ते तू स्वतः विचारून बघशील.

तुझी मैत्रीण