झटक्याचा उगम: ‘कुठे’च्या आधी ‘केव्हा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कवटी न उघडता अपस्माराच्या झटक्याचा उगम यंत्र शोधून देते, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. यंत्र उगम दाखवत नाही, तपासणीच्या वेळी मेंदूत जे चालले आहे ते दाखवते. ती वेळ कोणती, हे बातमीत नसते आणि काही वेळा अहवालातही नसते.

स्पेक्टचेच घ्या, म्हणजे मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्कॅनचे. टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले औषध झटका चालू असताना शिरेतून द्यायचे. ते रक्ताबरोबर मेंदूत शिरते आणि तिथेच अडकून बसते. म्हणून स्कॅन दोन तासांनी, रुग्ण शांत झाल्यावर केला तरी चित्र उमटते ते इंजेक्शनच्या वेळचे. खरी मेख इथेच आहे. सलाइनची सुई आधीच लावलेली, भरलेली सिरिंज खाटेशी आणि व्हिडिओ-ईईजीवर (रुग्णाचे चित्रण आणि मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद एकाच वेळी) नजर ठेवून बसलेला माणूस, एवढी तयारी असेल तर वीसेक सेकंदांत औषध जाते. मिनिटभर उशीर झाला की कानशिलाच्या भागात सुरू झालेला झटका पुढे कपाळामागे पसरलेला असू शकतो, आणि लाल ठिपका तिथे दिसतो. झटका संपल्यावर औषध गेले, तर मूळ जागेचा रक्तपुरवठा उलट घटलेलाही असतो. कपाळामागच्या भागातले झटके तर पुष्कळदा अर्ध्या मिनिटात आटोपतात. तिथे स्पेक्ट चुकते यात नवल नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टेक्नेशियमचा किरणोत्सार 6 तासांत निम्मा होतो. सकाळी भरलेल्या सिरिंजमधून दुपारी तेवढाच डोस द्यायचा तर जास्त मिली द्यावे लागतात.

पेट, म्हणजे मेंदूचा साखरेचा वापर दाखवणारा स्कॅन, याचे गणित उलट. ते दोन झटक्यांमधल्या शांत काळात करतात आणि साखर कमी वापरणारा भाग शोधतात. त्यासाठी दिलेले किरणोत्सारी औषध मुरायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात एखादा झटका, अगदी बाहेरून न दिसणारासुद्धा, येऊन गेला तर मंद दिसायचा भाग उजळ दिसतो आणि निदान दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. तेवढा वेळ डोक्यावर ईईजी हवाच. शिवाय हा मंद भाग उगमापेक्षा बराच मोठा असतो. शस्त्रक्रियेची सीमा त्यावरून आखता येत नाही.

ईईजीतल्या टोकदार लहरींवरून गणिताने उगम काढतानाही हाच प्रश्न, फक्त मिलिसेकंदांत. लहरीच्या शिखरावर बोट ठेवले तर ती तोवर शेजारी पसरलेली असू शकते. चढत्या बाजूच्या साधारण मध्यावर मोजणे बरे. गालाजवळच्या आणि कानाखालच्या इलेक्ट्रोडची खालची रांग लावलीच नसेल, तर कानशिलाच्या तळाकडून आलेली लहर नीट पकडली जात नाही. एमईजीला (मेंदूचे चुंबकीय क्षेत्र टिपणारी चाचणी) कवटीचा अडथळा जवळपास नसतो, पण तासाभराच्या नोंदीत एकही लहर आली नाही तर हाती काहीच लागत नाही. दातांतल्या धातूच्या तारा सिग्नल बिघडवतात, ते वेगळेच.

एमआरआयला वेळेचा प्रश्न नाही, तिथे पद्धतीचा आहे. 5 मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या कापांवर ‘नॉर्मल’ शेरा मिळाला म्हणून शोध थांबवू नये. 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावर 1 मिलिमीटरचे त्रिमितीय टी-1 आणि फ्लेअर, तसेच हिप्पोकॅम्पसच्या (कानशिलाच्या आतला, स्मृतीशी संबंधित भाग) लांबीला काटकोनात घेतलेले टी-2 काप मागावेत; टी-1, टी-2 आणि फ्लेअर हे एमआरआयचे चित्रप्रकार. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबले नसतील, तर हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे. चाचण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर मात्र मेंदूत इलेक्ट्रोड घालून पाहण्याची वेळ येऊ शकते.

स्पेक्टच्या अहवालात झटका कधी सुरू झाला, इंजेक्शन किती सेकंदांनी गेले आणि झटका कधी थांबला, या तीन वेळा नसतील तर तो अपुरा समजून त्या लिहून मागाव्यात. व्हिडिओ-ईईजीच्या नोंदीत त्या असतात.

आपला,
एक वाचक