राणी कोणी आणली?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन ठेवताना तू म्हणालास, "ज्याने पहिला सिनेमा केला त्यालाच पुढचे भाग आवडत नाहीत, मग आपण कशाला बोलायचं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

तू परग्रहावरच्या प्राण्याच्या 'एलियन' या भयपटमालिकेतला दुसरा भाग करणाऱ्या जेम्स कॅमेरॉनचा दाखला दिलास. त्याचं दुःख मला पटतं. १९८६च्या 'एलियन्स'मध्ये नायिका रिप्ली न्यूट नावाच्या त्या पोरीसाठी पुन्हा त्या प्राण्यांच्या घरट्यात उतरते. अख्ख्या सिनेमाचा जीव त्या एका निर्णयात आहे. आणि १९९२चा 'एलियन ३' सुरू होतो न होतो तोच न्यूट गेलेली, रिप्लीचा साथीदार सैनिक हिक्स गेलेला. निरोपाचा एक शब्दही नाही. कॅमेरॉनने आपली नाराजी लपवली नाही. मी तो भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळे पडद्यावर होते, पण मन कितीतरी वेळ त्या कोसळलेल्या यानापाशीच घुटमळत होतं.

पण अरे, इथे कॅमेरॉन मूळ कर्ता कुठे आहे? पहिला 'एलियन' १९७९चा, रिडली स्कॉटचा. कथा डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांची, आणि तो प्राणी एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराच्या हातचा. स्कॉटने तेव्हा एक दृश्य चित्रित केलं होतं. रिप्लीला तिच्या यानाचा कप्तान डॅलस भिंतीशी जखडलेला सापडतो, तो मरण मागत असतो, आणि शेजारी दुसरा सहकारी ब्रेट याचं हळूहळू अंडं होत चाललेलं असतं. म्हणजे त्या प्राण्याला मादीची गरजच नाही. सापडलेल्या माणसातूनच त्याची पुढची पिढी. हे दृश्य संकलनात गेलं. मग अंडी घालतं कोण, हा प्रश्न उघडाच राहिला आणि कॅमेरॉनने त्यावर राणी आणली, मुंग्यांच्या वारुळात असते तशी. पुढे २००३च्या आवृत्तीत स्कॉटने ते जुनं दृश्य परत घातलं. आता दोन्ही सिनेमे लागोपाठ बघ, एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

ती राणी मला मनापासून आवडते. तरी तिच्या येण्याने काहीतरी गेलंच. आई म्हटलं की तिचा राग कळतो, तिची माया कळते. स्कॉटचा प्राणी कळतच नव्हता, आणि त्याची भीती तिथेच होती. न्यूटच्या मृत्यूने कॅमेरॉनचं जे मोडलं, तसंच काहीसं त्याने स्वतः आधीच्या सिनेमाचं मोडलं होतं. फरक इतकाच की त्याने बदल्यात एक भरभक्कम गोष्ट दिली. म्हणून मला वाटतं, हे दिग्दर्शक पुढच्या भागांबद्दल बोलतात तेव्हा सबंध मालिकेबद्दल बोलतच नाहीत. ज्यात त्यांनी स्वतः जीव ओतला, तेवढ्यापुरतं बोलतात. स्कॉट २०१२ साली 'प्रोमिथियस' घेऊन परतला, तो राणीकडे फिरकलाही नाही. पहिल्या सिनेमातल्या त्या मरून पडलेल्या महाकाय वैमानिकाकडे गेला. आणि त्याचं गूढ त्याने स्वतःच उकललं, हे मला आजही खटकतं. घर त्याचं होतं, तरी खटकतं.

दोन मालिकांची टक्कर लावतात त्या सिनेमांचं दुखणं वेगळं. 'एलियन'ची गाठ परग्रहावरच्या शिकाऱ्यांच्या 'प्रिडेटर' मालिकेशी घालणारा 'एलियन विरुद्ध प्रिडेटर' होणार हे कळल्यावर कॅमेरॉनने पाचव्या भागाच्या विचारातून अंग काढून घेतलं. युनिव्हर्सलने १९४३ साली फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस आणि लांडगामाणूस यांना समोरासमोर आणलं, त्यातलाच हा प्रकार, असं त्याचं मत होतं. २००४चा सिनेमा प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्याने तो बरा असल्याचं मान्य केलं आणि पाच भागांत तिसरा क्रमांकही दिला. मत बदलल्याचं असं मोकळेपणाने सांगणं मला फार भावलं.

मला खरं छळतं ते विलिस ओब्रायनचं. १९३३च्या सिनेमातला महाकाय वानर किंगकाँग त्याने चालता केला. जेमतेम दीड फुटाची बाहुली, वर सशाची फर, आणि प्रत्येक चौकटीगणिक हाताने केसभर हलवायची. उतारवयात त्याने काँग आणि फ्रँकेन्स्टाईनच्या झुंजीची कल्पना रंगवली, चित्रं काढली, एका निर्मात्याच्या हाती दिली. त्या निर्मात्याने ती परस्पर जपानच्या तोहो कंपनीला विकली. फ्रँकेन्स्टाईनच्या जागी तोहोचा राक्षस गॉडझिला आला, काँगच्या कातड्यात माणूस शिरला, आणि १९६२च्या ऑगस्टमध्ये तो सिनेमा जपानमध्ये तुफान चालला. ओब्रायन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेला. टक्कर लावायला तो नाही म्हणत नव्हता रे, कल्पनाच त्याची होती. त्याला कोणी विचारलं नाही.

आणि त्या सिनेमाचा दिग्दर्शक कोण होता? इशिरो होंडा, १९५४चा मूळ 'गॉडझिला' करणारा. अणुबाँबच्या सावलीतून आलेल्या आपल्याच राक्षसाला त्याने विनोदी कुस्तीत उतरवलं, आणि ते करताना जाहिरातबाजीवर टीका करायची संधी साधली. एकाच सिनेमात एक मूळ कर्ता खुर्चीवर बसलेला, दुसऱ्याला पत्ताही नाही. आता तूच सांग, यातल्या कोणाचं मत शेवटचं धरायचं?

तू २००३ची आवृत्ती पाहिलेली नाहीस, हे मला माहीत आहे. आधी ती बघ, लगेच दुसऱ्या दिवशी 'एलियन्स' बघ, आणि राणीबद्दल काय वाटतं ते लिही. फोनवर नको, पत्रच पाठव.

तुझाच,
जिवलग मित्र