शनिवार, दुपारचे चार

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरची खुशाली कळली, आनंद वाटला. मात्र पत्राच्या शेवटी ‘टीव्हीवरची कुस्ती म्हणजे सगळी नुरा कुस्ती, त्यात बघण्यासारखे काय असते?’ असा टोला तू हाणला आहेस, त्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. ती नुरा होती हे मी आधीच मान्य करून टाकतो. तरीही ब्रिटनच्या आयटीव्ही या वाहिनीवर दर शनिवारी लागणाऱ्या कुस्तीची जुनी चित्रणे हल्ली मी रोज रात्री पाहतो आहे, आणि निकाल ठरलेला असूनही माणूस पुढे सरकून बसतो, तो का, हे तुला सांगावेसे वाटते.

आयटीव्हीने पहिली कुस्ती दाखवली ती नोव्हेंबर 1955 मध्ये. पुढे 1965 पासून ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ नावाचा शनिवारचा लांबलचक क्रीडा कार्यक्रम सुरू झाला आणि कुस्तीला त्यात दुपारी चारच्या सुमाराची हक्काची वेळ मिळाली. ती संपली की फुटबॉलचे निकाल लागत, त्यामुळे निकालांसाठी टीव्हीपुढे बसलेला बापही कुस्ती पाही आणि त्याची आईही. लढती कुठल्यातरी गावच्या नगरसभागृहात आधी चित्रित केलेल्या असत. रिंगणाला लागून पहिल्या रांगेत बसलेल्या आजीबाई हा तर स्वतंत्र विषय आहे. दुष्ट मल्ल दोरखंडाजवळ आला की त्यांच्यातली एखादी उठून त्याला हातातल्या पर्सने बडवत असे. या सगळ्यावर केंट वॉल्टन नावाच्या समालोचकाचा संथ, सभ्य आवाज. ‘ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स’ म्हणून तो सुरुवात करी आणि कुस्तीच्या निकालांमागचे गुपित त्याने प्रेक्षकांपुढे कधीही फोडले नाही.

आता खरी गोष्ट. युद्धापूर्वी तिकडे ‘ऑल-इन’ नावाची कुस्ती चाले, आणि धिंगाण्यामुळे तिची पुरती बदनामी झाली होती. म्हणून 1947 च्या सुमारास लॉर्ड माउंटएव्हन्स यांच्या समितीने नियम बांधून दिले. (हे गृहस्थ नौदलाचे अॅडमिरल, कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत ते उपप्रमुख होते. कुस्तीशी त्यांचा संबंध कसा जुळला असेल, देव जाणे!) त्या नियमांनुसार मल्लांचे सात वजनी गट पडले आणि लढत फेऱ्यांमध्ये होऊ लागली. प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवून किंवा त्याला शरण आणून दोन गुण मिळवील तो विजयी. दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही तो तिथेच पराभूत. खाली पडलेल्यावर तुटून पडायचे नाही, त्याला उठू द्यायचे. आगळीक केली तर पंच जाहीर ताकीद देई, आणि अशा दोन ताकिदींनंतर तिसऱ्या वेळी मल्ल बाद होई. निकाल ठरलेला असला तरी प्रेक्षकाला ही मोजदाद डोळ्यांसमोर दिसत असे, आणि सगळी उत्कंठा तिच्यातच होती. एक गुण गमावलेला, एक ताकीद खाल्लेली आणि शेवटची फेरी सुरू झालेली, अशा वेळी खलनायकाने पंचाची पाठ वळलेली पाहून हळूच बुक्का मारला की अख्खे सभागृह ओरडून पंचाला सांगू लागे.

यासाठी जॉनी सेंट आणि जिम ब्रेक्स यांची एखादी लढत पाहा. दोघेही हलक्या वजनाचे. ब्रेक्स ब्रॅडफर्डचा, ठेंगणा आणि कमालीचा चिडका. जरा मनाविरुद्ध झाले की पाय आपटून पंचाकडे तक्रार करणारा, त्यामुळे लोक त्याला ‘क्राय बेबी’ म्हणून डिवचत. पण त्याचा हुकमी डाव भयंकर होता: तो प्रतिस्पर्ध्याचा हात पिळे आणि त्या पिळलेल्या हातावरच त्याला जमिनीवरून उचलून धरी. सेंट त्याच्या अगदी उलट. मनगट पकडले गेले की तो एक कोलांटी घेई, पायाने आधार शोधी आणि पाहता पाहता पकड उलटून टाकी. कधी तो रिंगणाच्या मधोमध हातपाय पोटाशी घेऊन गोळा होऊन बसे. समोरचा त्याच्याभोवती फिरतो, कुठे धरावे ते त्याला कळत नाही, शेवटी वाकून हात पुढे करतो, आणि तेवढ्यात तोच हात धरून सेंट त्याला पालथा घालतो. आखाड्यात वाढलेल्या तुझ्यासारख्या माणसाने हे पाहून दाद दिली नाही, तर मी हरलो.

मिक मॅकमॅनस या खलनायकी मल्लाचीही गंमत आहे. काळेभोर चापून बसवलेले केस, सारे डाव आडमार्गाचे, आणि स्वतःच्या कानांना कोणी हात लावला की मात्र कांगावा. जॅकी पॅलो या मल्लाशी त्याचे वैर इतके गाजले, की 1963 मध्ये एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आयटीव्हीने त्यांची लढत दाखवली.

पुढे घसरण झाली ती, माझ्या मते, वजनामुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मॅक्स क्रॅबट्री या आयोजकाने आपला भाऊ शर्ली याला ‘बिग डॅडी’ म्हणून पुढे आणले. पंचेचाळिशीतला हा अवाढव्य माणूस पोरांचा लाडका झाला, यात संशय नाही. ‘ईझी! ईझी!’ या गजराने सभागृहे दणाणून जात. पण त्याच्या जोडीच्या लढतींचा साचा एकच: तरुण जोडीदाराने मार खायचा आणि डॅडीने आत येऊन पोटाच्या धक्क्याने सगळे आटोपायचे. जून 1981 मध्ये वेम्बली अरीनात त्याची गाठ जायंट हेस्टॅक्सशी पडली, ज्याची उंची सात फुटांच्या आसपास आणि वजन अडीचशे किलोंच्या घरातले. एवढा गाजावाजा झालेली ती लढत तीन मिनिटेही चालली नाही. त्यात ना फेऱ्यांचा हिशेब, ना डावाला प्रतिडाव. मग 1985 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद झाले, कुस्तीची ठरलेली वेळ गेली, अधूनमधून तिच्या जागी अमेरिकन कुस्ती येऊ लागली. ऑगस्ट 1987 मध्ये ग्रेट यार्मथ येथे बिग डॅडीविरुद्धच्या लढतीत मॅल कर्क हा मल्ल कोसळला आणि मरण पावला. त्याला हृदयविकार होता, हे नंतर निष्पन्न झाले. पुढच्या वर्षी आयटीव्हीच्या ग्रेग डाइक यांनी कार्यक्रमच गुंडाळला.

तू आणि तुझी मुले नव्वदच्या दशकात केबलवर ज्या ब्रिटिश बुलडॉगला टाळ्या पिटत होता, तो डेव्ही बॉय स्मिथ याच शनिवारच्या कुस्तीत पोरवयात उतरला होता, आणि त्याचा जोडीदार डायनामाइट किडसुद्धा. म्हणजे तू ज्या परंपरेला नावे ठेवतोस, तिचे फळ तू आधीच चाखले आहेस. सेंट-ब्रेक्स लढतीची चित्रफीत मुलीकडून तुझ्या फोनवर पाठवतो आहे. पाहून झाली की डावांवर तुझे सविस्तर मत कळव, आणि तुमच्या तालमीतल्या वस्तादांनाही दाखव. त्यांच्या शिव्या आल्या तरी जशाच्या तशा कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश