सुधीरला पत्र : तीस मीटरवरून पाण्यात

स्टावांगर,
12 ऑक्टोबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

नॉर्वेच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तुझी निवड झाली, फार आनंद झाला. बाकीच्या गोष्टी फोनवर बोलूच, पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. 'तुमच्याकडे म्हणे माणसांनी भरलेली लाइफबोट वरून तशीच समुद्रात सोडतात. आतली माणसं जगतात का?' हो, सोडतात. आणि माणसं जगावीत म्हणूनच तशी सोडतात. या बोटींच्या सांगाड्याचे हिशेब करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात तू पाहिलेल्या बोटी डेव्हिटला, म्हणजे बाहेर झुकलेल्या लोखंडी हातांना टांगलेल्या, वायरवर खाली उतरवायच्या. बोटीच्या सरावाच्या दिवशी समुद्र शांत असतो आणि सगळं झकास होतं. वादळात तीच बोट झोके खात प्लॅटफॉर्मच्या पायांवर आपटते. ती पाण्याला टेकली की पुढचा आणि मागचा हूक एकदमच सुटावा लागतो. लाट खाली गेली की वायर पुन्हा ताठ होते, आणि जुन्या तऱ्हेचा हूक ताणाखाली सुटत नाही. एकच सुटला तर बोट उभी लटकते. म्हणजे सगळ्यात नाजूक काम सगळ्यात वाईट क्षणी, घाबरलेल्या माणसाच्या हातून अचूक व्हायला हवं.

27 मार्च 1980 ला इथल्याच समुद्रात, एकोफिस्क तेलक्षेत्रात, 'अलेक्झांडर कीलँड' या तरंगत्या निवासी प्लॅटफॉर्मचा एक पाय तुटला. मूळ होतं एका आडव्या नळीवर उपकरण बसवण्यासाठी केलेल्या 6 मिलिमीटरच्या वेल्डमध्ये. तिथून चीर पसरत गेली. प्लॅटफॉर्म कलला आणि वीसेक मिनिटांत उलटला. वर 212 माणसं होती, 123 गेली. पन्नास-पन्नास माणसांच्या सात बोटी होत्या. चार खाली सोडल्या, त्यांतली एकच वायरपासून सुटू शकली. बाकीच्यांत वायरवर ताण असेपर्यंत हूक उघडू न देणारी सुरक्षेचीच व्यवस्था आड आली. त्या नळीचा तुटलेला तुकडा इथल्या पेट्रोलियम संग्रहालयात ठेवलाय. तू आलास की पहिल्या मोकळ्या दिवशी तिथे जाऊ. मी कितीदा पाहिला तरी त्या चिरेवरून नजर हलत नाही.

तू विचारलेली वरून तशीच सोडायची बोट, म्हणजे फ्री-फॉल बोट, त्याआधीही होती, नेदरलँड्समध्ये 1961 पासून. पण कीलँडनंतर नॉर्वेने ती मनापासून हाती घेतली. कल्पना साधी आहे: वायर नको, पाण्याजवळ सोडायचे हूक नकोत. माणसं आत बसली, पट्टे बांधले, दार लावलं, इंजिन सुरू केलं, की आतूनच पकड सोडायची. पुढचं काम बोटीचं स्वतःचं वजन करतं. नियमानुसार सोडण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था लागतात आणि त्या आतूनच चालवता येतात. बाहेर कुणी मागे राहावं लागत नाही, हा मला या बोटीचा सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो.

आता हिशेब. 30 मीटरवरून पडायला जेमतेम अडीच सेकंद लागतात, आणि पाण्याला टेकताना वेग ताशी 87 किलोमीटरच्या आसपास असतो. आपण विहिरीत सूर मारायचो ते आठव: नाकाड सरळ घातलं तर पाणी वाट देतं, पोटावर पडलास तर अंग सोलवटून निघतं. बोटीचंही तेच. काही बोटी उतरत्या रुळांवरून घसरतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, रुळाबाहेर गेली की पुढचा भाग जड होऊन खाली झुकतो, आणि तो किती झुकेल हे रुळांची लांबी व बोटीचा गुरुत्वमध्य ठरवतात. काही बोटी नाळ खाली करून टांगलेल्याच असतात आणि सरळ खाली येतात. त्यांना पाण्याखाली पुढे वळवायचं काम बुडाचा आकार करतो. दोन्ही तऱ्हांत बोट पूर्ण बुडते आणि प्लॅटफॉर्मपासून दूर, पुढे जातच वर येते. जळत्या तेलातून ती निघावी म्हणून बाहेर पाण्याचा फवारा आणि आत दाबाखालच्या हवेच्या बाटल्या असतात. हवा निदान दहा मिनिटं पुरावी असा नियम आहे.

लाट मात्र कुणाचं ऐकत नाही. त्याच बोटीचं नाक लाटेच्या माथ्यावर, उतारावर किंवा दोन लाटांमधल्या खळग्यात पडलं तर धक्का वेगळा आणि पुढची वाटही वेगळी. चुकीच्या उतारावर पडली तर बोटीची पुढे जायची गतीच मरते आणि ती प्लॅटफॉर्मकडे ढकलली जाऊ शकते. म्हणून आम्ही एकेका आकाराच्या हजारो उड्या संगणकावर घेतो, मग टाकीत छोट्या प्रतिकृती टाकतो, आणि शेवटी खरी बोट. नियमाप्रमाणे ती प्रमाणित उंचीच्या 1.3 पट उंचीवरून टाकून पाहावी लागते.

खरी बोट का टाकायची, हे 2005 साली सगळ्यांना कळलं. नॉर्वेच्या व्हेस्लेफ्रिक तेलक्षेत्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर चाचणीत बोटीच्या वरच्या भागाला इजा झाली. बोट बुडताना तिच्यामागे हवेची पोकळी राहते. ती मिटताना पाणी चहूबाजूंनी आत आदळतं, आणि तो दाब छताला व मागच्या भिंतीला सोसावा लागतो. त्यानंतर नॉर्वेतल्या या बोटी एकेक करून तपासल्या, मजबूत केल्या, आसनं आणि पट्टे सुधारले. 2009 मध्ये या बोटींसाठी डीएनव्हीचं, म्हणजे जहाजं आणि प्लॅटफॉर्म प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं, वेगळं मानक आलं. माझ्या टेबलावर ते सतत उघडं असतं.

आणि माणसाचं वजन! जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम पूर्वी माणशी 75 किलो धरायचे, आता मालवाहू जहाजांसाठी 82.5 धरतात. इथे तेलक्षेत्रात आम्ही 100 किलो धरतो, कारण सर्व्हायव्हल सूट, म्हणजे थंड पाण्यात जीव वाचवणारा जाड पोशाख, घातलेला रिगवरचा गडी तेवढा भरतोच. खांद्यांची रुंदीही मोजायला लागले, कारण जुन्या आसनांत दोन धिप्पाड माणसं शेजारीशेजारी बसूच शकत नव्हती. बोटीत माणसं कमी बसली तरी चालतील, पण बसलेला प्रत्येक जण नीट बांधलेला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. फ्री-फॉल बोट हा सगळ्या संकटांवरचा इलाज नाही. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थला आग लागली, तेव्हा त्या संकुलावरच्या आठपैकी दोनच लाइफबोटी पाण्यात जाऊ शकल्या. बावीस माणसं गेली. 1988 मध्ये ब्रिटनच्या समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर धूर आणि आगीमुळे लोक बोटींपर्यंत पोहोचूच शकले नाहीत, तिथे 167 गेले. बोट कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंतची वाट धुराने बंद झाली तर तिचा उपयोग शून्य. म्हणून बोट कुठल्या बाजूला ठेवली, निवासी खोल्यांपासून किती पावलांवर, मधे आगीला तोंड देणारी भिंत आहे का, हे मला बोटीच्या आकाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. नकाशावर मी याच गोष्टींसाठी सर्वांत जास्त भांडतो.

तुझं आसन मागे तोंड करून असेल, म्हणजे धक्का बसताना पाठ आणि डोकं आसनात दाबलं जातं, मान पुढे झटकत नाही. खांद्यांवरचे आणि कमरेचे पट्टे जोरात ओढून बांध, शरीर आणि आसन यांत फट राहू देऊ नकोस. डोकं मागच्या उशीला घट्ट टेकव. खिशात किल्ल्या, पेन, फोन काही ठेवू नकोस, चष्मा काढून ठेव. प्लॅटफॉर्मवर पोहोचलास की पहिल्याच दिवशी आपली बोट कोणती ते विचार, तिच्यापर्यंत दिवसा एकदा आणि रात्री एकदा चालत जा, आणि दुसऱ्या वाटेनेही जाऊन ये. पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, लपवू नकोस. तुझ्या मणक्याचा त्रास कॉलेजपासूनचा आहे हे मला माहीत आहे.

प्रशिक्षणाची तारीख ठरली की लगेच कळव. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. वहिनींना हे पत्र वाचायला दिलंस तरी हरकत नाही, त्यांचे प्रश्न मला थेट लिहायला सांग.

तुझा,
अनिरुद्ध