जुनी गिटार पुन्हा वाजती करणाऱ्यांचे आभार

वारशात मिळालेली मार्टिन कंपनीची जुनी गिटार पुन्हा वाजती करण्यासाठी ज्यांचे हात लागले, त्या सर्वांचे मनापासून आभार.

आधी आभार त्यांचे, ज्यांनी “तारा सैल करा, आणि पॉलिश अजिबात नको” असे बजावले. लाकडावरचा मूळ लेप (फिनिश) खरवडला की जुन्या वाद्याची किंमत जी घसरते, ती पुन्हा चढत नाही. आतल्या नेक ब्लॉकवरचा (गिटारची मान, म्हणजे नेक, जिथे बसते त्या लाकडी ठोकळ्यावरचा) क्रमांक आरशाने वाचून वर्ष शोधून देणाऱ्यांचेही आभार.

खरे कसब नेक रीसेटचे, म्हणजे नेक सोडवून योग्य कोनात पुन्हा बसवण्याचे. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या सळ्यांवर) ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या (धडावर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याच्या) वरच्या कडेला टेकायला हवी. ती खाली येत होती, म्हणजे तारांच्या ताणाने नेक पुढे ओढली गेली होती. अशा वेळी नुसता सॅडल (ब्रिजवरचा तारांचा टेकू) घासत गेले, तर तो बुटका होतो आणि आवाज दबतो. तुम्ही 15 वा फ्रेट काढला, खाचेत बारीक छिद्र पाडून वाफ सोडली आणि डव्हटेल जोड (पाचरीसारखा खाचेत बसणारा सांधा) अलगद सोडवला. जोड हाइड ग्लूचा (जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या, वाफेने सुटणाऱ्या सरसाचा) होता म्हणून सुटला. इपॉक्सी या कृत्रिम गोंदाने दाद दिली नसती. मग हीलवरून (नेकच्या धडाला टेकणाऱ्या टाचेवरून) कागदाइतके पातळ लाकूड काढून कोन साधला.

सुटलेले ब्रेस (आतले आधाराचे लाकडी दांडे) कागदाची पट्टी सरकवून शोधले, साधारण 60 अंश सेल्सियसच्या हाइड ग्लूने चिकटवले, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवले. आता 12 व्या फ्रेटवर जाड तार सुमारे 2.5 मिमी उंच आहे. गिटारच्या पेटीतली आर्द्रता 45 ते 55 टक्के राखण्याची तुमची सूचना आम्ही पाळतो आहोत.